गेले किती, आले किती?

दिवाळीच्या सुटींत नातवंडें घरीं आलीं म्हणजे आमच्या टी. व्ही.चा ताबा त्यांजकडे जातो आणि आम्ही उभयतां मागल्या रांगेंतील प्रेक्षक होतों. गेल्या सुटींत थोरल्या नातवानें 'टॉप गन : मॅव्हरिक' हा २०२२ सालचा अमेरिकन चित्रपट लाविला. विमानांचा घोष असा कीं फडताळांतील भांडीं थरथरूं लागलीं. नातू खुर्चीच्या अगदीं कडेवर येऊन बसला होता. आणि खरें सांगावयाचें तर त्याचे आजोबाहि पाठ टेकावयाचें विसरले होते. आमचें कुटुंब मात्र शांतपणें वाती वळीत बसलें होतें. डोंगराच्या कुशींत शिरून विमानें बाँब टाकतात तो प्रसंग आला, तेव्हां तिनें मान वर केली आणि विचारलें, "अरे, हे कोणाच्या देशावर बाँब टाकताहेत?"

"शत्रूच्या, आजी."

"तें कळलें रे. पण त्या शत्रूला कांहीं नांवगांव?"

नातू गडबडला. दोष त्याचा नव्हे. सबंध चित्रपटांत शत्रूच्या देशाचें नांव कोणी उच्चारीत नाहीं, आणि त्याच्या वैमानिकांचे चेहरे काळ्या कांचेआड झांकलेले आहेत. पुढें चित्रपट संपला, नातवानें टाळ्या पिटल्या, आणि तिनें दुसरा प्रश्न केला, "गेले किती होते, आणि परत आले किती?"

"सगळे आले, आजी!"

"बरें झालें बाई," असें म्हणून तिनें पुढची वात हातीं घेतली.

चित्रपट तिला आवडला नाहीं असें समजून नातू हिरमुसला आणि आम्हांस म्हणाला, "मग आजोबा, विमानांच्या लढाईचा चांगला चित्रपट कोणता, तें तुम्हीच सांगा." त्या रात्रीं आम्हीं कांहीं तरी थातुरमातुर उत्तर दिलें. पण अंथरुणावर पडल्यावर लक्षांत आलें कीं, उत्तर आमच्या कुटुंबानें आधींच देऊन ठेविलें होतें. तिचे ते दोन प्रश्न हीच या प्रकारच्या चित्रपटाची खरी कसोटी होय. पुढील विवेचन म्हणजे नातवास देणें राहिलेलें उत्तर आहे.

परंतु त्या दोन प्रश्नांकडे वळण्यापूर्वीं नातवाच्या बाजूनेंहि बोलणें प्राप्त आहे. त्याला जो आनंद झाला तो खोटा नव्हता. आकाशांत उडणें हें मनुष्यजातीचें फार जुनें स्वप्न, आणि ज्या चित्रपटांत तें उडणेंच खरें वाटत नाहीं त्याच्या पुढच्या गोष्टी व्यर्थ होत. उड्डाण खरें केव्हां वाटतें, हें कालिदासास आगगाडीहि ठाऊक नसतां ठाऊक होतें. 'शाकुंतला'च्या सातव्या अंकांत दुष्यंत मातलीसह इंद्राच्या रथांतून खालीं उतरतो. तेथें कवीनें वेग दाखविला तो रथाकडे बोट दाखवून नव्हे, तर पृथ्वीकडे बोट दाखवून. डोंगर, झाडांचे बुंधे, नद्यांचीं पात्रें हीं क्षणोक्षणीं कशीं पालटत जातात तें राजा पाहतो, आणि त्या पालटण्यावरून आपणांस रथाची गति कळते. गति ही सापेक्ष आहे. जवळ कांहीं तरी स्थिर असल्यावांचून ती डोळ्यांस दिसत नाहीं.

हेंच सत्य विमानपटांच्या आद्य कर्त्यांस पैसे व दिवस खर्चून शिकावें लागलें. 'विंग्ज' हा १९२७ सालचा मूकपट विल्यम वेलमन यानें टेक्ससमध्यें चित्रित केला. वेलमन हा स्वतः पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या बाजूनें लढलेला वैमानिक. आकाश निरभ्र असलें म्हणजे तो चित्रण बंद ठेवी, आणि ढग येण्याची वाट पाहत दिवसचे दिवस घालवी. निर्माते चडफडत, पण त्याचें म्हणणें खरें होतें. निळ्या आकाशांतील एकटें विमान म्हणजे भिंतीवरची माशी. तें ताशीं शंभर मैल जात आहे कीं जागींच उभें आहे, तें कळत नाहीं. मागें ढगांचे डोंगर असले म्हणजे तें झेपावतें, बुडतें, उसळतें. त्यानंतर हॉवर्ड ह्यूज यानेंहि 'हेल्स एंजल्स' या १९३० सालच्या बोलपटासाठीं असेच ढग हुडकले. त्या हव्यासापायीं चित्रणाच्या कामीं कांहीं माणसांचे प्राणहि गेले, ही गोष्ट मात्र त्या चित्रपटाच्या कीर्तीबरोबर सांगितली पाहिजे.

वेलमननें दुसरीहि एक युक्ति केली. त्यानें नटांस खरोखरीच्या विमानांत बसविलें आणि त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा बांधून दिला. वर गेल्यावर तो चालू करण्याचें कामहि नटाकडेच. त्यामुळें चेहऱ्यावर आदळणारा वारा खरा, आणि डोळ्यांतील धास्तीहि बरीचशी खरी. पाऊणशेंहून अधिक वर्षांनंतर आमच्या नातवाच्या 'मॅव्हरिक'नें तोच मार्ग धरिला. दोन आसनांच्या लढाऊ विमानांत पुढें नौदलाचा वैमानिक, मागें नट, आणि त्या चिमुकल्या जागेंत कॅमेरे. अशा विमानानें वेगांत वळण घेतलें म्हणजे शरीराचें वजन सातपट भासतें. साठ किलोचा माणूस चारशें वीस किलोचा होतो, गाल खालीं ओढले जातात, मस्तकांतील रक्त उतरून डोळ्यांपुढें अंधारी येते. हें रंगभूषेनें साधत नाहीं. संगणकावर रंगविलेलीं विमानें आजकाल पुष्कळ दिसतात. तीं वाटेल तशीं वळतात, उलटतात, पण त्यांस भार नसतो, आणि ज्यास भार नाहीं त्याच्या पडण्याचें भय कोणास वाटणार?

भय उत्पन्न करावयास स्फोटच लागतात असेंहि नाहीं. क्रिस्टोफर नोलन याच्या 'डंकर्क' या २०१७ सालच्या चित्रपटांत एका ब्रिटिश वैमानिकाचा पेट्रोल दर्शविणारा कांटा आरंभींच फुटतो. तेव्हांपासून तो सोबत्यास विचारून किती पेट्रोल उरलें तें समोरच्या फळीवर खडूनें लिहीत जातो. खालीं किनाऱ्यावर आपलें सैन्य अडकलेलें, परतावें तर त्यांवर बाँब पडणार, थांबावें तर घरीं पोंचावयास पेट्रोल उरणार नाहीं. उभा जन्म खडू हातीं धरलेल्या आम्हांस तें खडूचें गणित पाहतांना जो घाम फुटला तो शंभर स्फोटांनीं फुटला नसता. यंत्राची मर्यादा ही जेथें मनुष्याच्या निर्णयाची मर्यादा होते, तेथें नाट्य आपोआप उभें राहतें.

उड्डाण खरें हवें, ही पहिली पायरी झाली. पण ती पायरीच, घर नव्हे. आतां आमच्या कुटुंबाचा प्रश्न घेऊं : गेले किती, आले किती?

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत असा दंडक आहे कीं, युद्ध, मरण, राज्यनाश, नगरास पडलेला वेढा या गोष्टी अंकांत प्रत्यक्ष दाखवूं नयेत. प्रवेशकादिकांच्या द्वारें त्या सूचित कराव्या. शाळेंत हा नियम शिकवितांना मुलें हसत, आणि आम्हांसहि तो भित्रेपणाचा वाटे. भासासारख्या थोर नाटककारानें तो मोडलाहि आहे. त्याच्या 'ऊरुभंगां'त दुर्योधन रंगभूमीवरच प्राण सोडतो. पण पुढें इंग्रजी युद्धपट पाहतां पाहतां त्या नियमांतील मर्म उमगलें. युद्ध दाखविलें म्हणजे प्रेक्षक युद्धाकडे पाहतो. युद्धाची वार्ता आली म्हणजे तो ती ऐकणाऱ्याच्या मुखाकडे पाहतो. आणि विमानयुद्ध हें तर स्वभावतःच 'बातमीचें' युद्ध आहे. पायदळाचा शिपाई चिखलांत सोबत्याशेजारीं मरतो. वैमानिक सकाळीं न्याहारी करून जातो. दुपारीं त्याची खुर्ची रिकामी असते. मधलें कोणीं पाहिलेलें नसतें.

'द डॉन पॅट्रोल' हा चित्रपट दोनदां निघाला. १९३० सालीं हॉवर्ड हॉक्स याचा, आणि १९३८ सालीं एडमंड गूल्डिंग याचा. दोहोंची कथा एकच. पहिल्या महायुद्धांतील फ्रान्समधील एक ब्रिटिश विमानतळ, तेथें नुकतीं मिसरूड फुटलेलीं मुलें येतात, आणि त्यांस पुरतें उडतांहि येत नसतां वरून आलेल्या हुकुमानें पहाटे शत्रूवर धाडावें लागतें. धाडणारा अधिकारी आपल्या खोलींत बसून परत येणाऱ्या एंजिनांचे आवाज मोजतो. भिंतीवर काळा फळा, त्यावर नांवें, जो आला नाहीं त्याचें नांव पुसलें जातें. त्या अधिकाऱ्यास कसाई म्हणून शिव्या देणारा वैमानिकच पुढें त्याच्या जागीं नेमला जातो, आणि त्याला आपल्या जिवलग मित्राच्या धाकट्या भावास धाडावें लागतें. शेवटीं तो स्वतःच एका कामगिरीवर जाऊन मरतो, आणि खुर्चींत तो मित्र येऊन बसतो. पुन्हां नवीं मुलें दारांत उभीं! या कथेंत खलपुरुष कोणी नाहीं. खल आहे ती खुर्ची. नांवें लिहिण्यासाठीं व पुसण्यासाठीं फळा आम्हींहि वापरला. पण आमचीं पुसलेलीं नांवें दुसऱ्या दिवशीं हजेरीस उभीं असत.

तोच विचार अधिक खोल नेला तो १९४९ सालच्या 'ट्वेल्व्ह ओ'क्लॉक हाय' या चित्रपटानें. दिग्दर्शक हेन्री किंग, नायक ग्रेगरी पेक. ज्या दोघांच्या लेखणींतून ही कथा उतरली त्यांपैकीं बर्न ले हा अमेरिकेच्या आठव्या वायुदलांत स्वतः लढलेला. चित्रपटाचा आरंभ युद्ध संपल्यावर होतो. चष्मा लावलेला एक मध्यमवयीन गृहस्थ लंडनमधील दुकानांत चिनी मातीचा एक चेहऱ्याच्या आकाराचा पेला पाहतो, तो विकत घेतो, आणि सायकलीवरून एका ओसाड विमानतळावर येतो. गवत माजलेलें, गाई चरताहेत. तो नुसता उभा राहतो. आणि मग दूरवर एंजिनें सुरू झाल्याचा आवाज येतो. येथून भूतकाळ उलगडतो.

या तळावरचा पहिला अधिकारी आपल्या मुलांवर अतोनात माया करी, म्हणून त्याला दूर करितात. नवा जनरल सॅव्हेज कठोर. भीति टाकावयाची असेल तर आपण मेलोंच आहों असें समजा, असा त्याचा उपदेश. त्याच्या शिस्तीनें तुकडी सुधारते, कामगिऱ्या यशस्वी होतात. परंतु महिनोन्महिने मोजदाद करतां करतां तोहि त्या मुलांचा होऊन जातो, आणि एके दिवशीं विमानाच्या दारांतून वर चढण्यास हात उचलतो तों हातच चालत नाहींत. कोणी जखम केलेली नाहीं, गोळी लागलेली नाहीं. त्याला खुर्चीवर आणून बसवितात. तो पाषाणवत् बसून राहतो. कोणाशीं बोलत नाहीं, कोणाकडे पाहत नाहीं. त्याचीं विमानें जर्मनीवर गेलेलीं आहेत. कित्येक तासांनीं परतणाऱ्या एंजिनांचा आवाज येतो, तेव्हां कोठें त्याच्या मुद्रेवर जीव येतो. वीररसाचा स्थायीभाव उत्साह असें आपण पाठ करितों. तो उत्साह किती खर्च होऊं शकतो, आणि संपला म्हणजे वीराचें काय होतें, हें इतकें स्वच्छ दाखविणारा दुसरा चित्रपट आम्हांस ठाऊक नाहीं. विशेष हें कीं, यांत आकाशांतील लढाई बहुतेक शेवटाकडे एकदांच येते, आणि ती युद्धकाळीं टिपलेल्या खऱ्या चित्रफितींतून जुळविलेली आहे.

भरतमुनींचा नियम तर जवळजवळ अक्षरशः पाळला तो अँथनी अॅस्क्विथ यानें. 'द वे टु द स्टार्स' हा त्याचा १९४५ सालचा चित्रपट विमानतळाचा, पण त्यांत आकाशयुद्ध म्हणून जवळजवळ नाहींच. विमानतळाशेजारच्या गांवांतील एक खानावळवजा हॉटेल, तें चालविणारी स्त्री, तिचें वैमानिकाशीं लग्न, मूल, आणि एके दिवशीं त्याचें न येणें. दुसरा तरुण तें पाहून आपल्या आवडत्या मुलीस मागणी घालावयास कचरतो. कारण उद्यां आपणहि असेच गेलों तर? ज्या घरांतून मुलगा सैन्यांत गेला आहे त्या घरास या चित्रपटांतील शांततेचा अर्थ सांगावा लागणार नाहीं.

येथवर आपल्या बाजूची गणती झाली. पण कुटुंबाचा पहिला प्रश्न राहिलाच आहे : बाँब कोणावर पडताहेत?

१९५५ सालचा 'द डॅम बस्टर्स' हा ब्रिटिश चित्रपट आम्हांस फार प्रिय. आणि म्हणूनच त्याच्याशीं आमचें भांडणहि आहे. रूर खोऱ्यांतील कारखान्यांस पाणी पुरविणारीं जर्मनीचीं धरणें फोडावयाचीं. पण धरणापुढें पाण्यांत जाळीं टाकलेलीं, साधा पाणतीर पोंचत नाहीं. बार्न्स वॉलिस या शास्त्रज्ञानें उपाय काढला तो पोरखेळांतला. मुलें तळ्यावर चपटी खापरी तिरपी फेकून तिला पाण्यावरून उड्या मारावयास लावतात, तसा पिंपासारखा बाँब उलटा फिरवीत सोडावयाचा; तो जाळ्यांवरून उड्या मारीत जाऊन भिंतीस भिडेल, भिंतीलगत खालीं बुडेल, आणि पाण्याखालीं फुटेल. त्यासाठीं रात्रीच्या काळोखांत विमान पाण्यावरून अवघें साठ फूट उंचीनें नेलें पाहिजे. ती उंची कशी मोजावी? विमानाच्या पोटाशीं दोन दिवे अशा कोनांत बसविले कीं, बरोबर साठ फुटांवर दोन्ही कवडसे पाण्यावर एकत्र मिळावे. भूमितीच्या तासास यापरतें उदाहरण नाहीं! चित्रपटाचा अर्धाअधिक भाग हा असा प्रयोगांचा, अपयशांचा, कचेऱ्यांतील नकारांचा आहे, आणि तो क्षणभरहि कंटाळवाणा होत नाहीं.

१९४३ च्या मे महिन्याच्या १६ तारखेच्या रात्रीं १९ विमानें आणि १३३ माणसें गेलीं. ८ विमानें परत आलीं नाहींत. ५३ जण मेले, तिघे शत्रूच्या हातीं सांपडले. हा हिशेब चित्रपटानें लपविलेला नाहीं. विजयाच्या सकाळीं तो आपणांस रिकाम्या खोल्या दाखवितो, न येणाऱ्यांचीं न मोडलेलीं अंथरुणें दाखवितो. आनंदानें फुगावयाचा तो वॉलिस संख्या ऐकून खचतो. आणि तुकडीचा नायक गिब्सन, वय वर्षें २४, आपणांस पत्रें लिहावयाचीं आहेत एवढेंच सांगून एकटा चालूं लागतो. तीं पत्रें कोणास, हें आईबापांस सांगावयास नको. विजयपटाचा इतका संयमी शेवट विरळाच.

पण धरण फुटल्यावर तें पाणी गेलें कोठें? चित्रपटांत पूर दिसतो, वाहून जाणारा मुलूख दिसतो. माणूस म्हणून कोणी डोळ्यांसमोर राहत नाहीं. त्या रात्रीं खालच्या खोऱ्यांत हजाराहून अधिक माणसें बुडालीं. त्यांत शेंकडों तर जर्मनहि नव्हत्या. जर्मनीनें जिंकलेल्या मुलुखांतून वेठीस धरून आणलेल्या पूर्व युरोपांतील मजूर स्त्रिया होत्या त्या, धरणाखालच्या छावणींत कोंडलेल्या. ज्यांच्या सुटकेसाठीं युद्ध चालले होतें त्यांनाच त्या विजयाच्या पाण्यानें गांठलें. हल्ला करावयास नको होता असा निवाडा आम्ही येथें बसून देत नाहीं. हिटलरशाहीपुढें सज्जनांसहि भयंकर निर्णय घ्यावे लागले. परंतु पत्रें लिहिण्याचा तो प्रसंग आम्ही आतां पाहतों तेव्हां, जीं पत्रें कोणींच लिहिलीं नाहींत त्यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

विमानपटाचा हा जन्मजात दोष आहे. कॅमेरा विमानांत बसलेला; म्हणून मनहि विमानांत बसतें. वरून पाहिलेलें गांव म्हणजे नकाशा, आणि नकाशावर रडण्याचा आवाज येत नाहीं. यास उतारा एकच : कधीं तरी कॅमेरा खालीं उभा करावा. इसाओ ताकाहाता या जपानी दिग्दर्शकानें 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' या १९८८ सालच्या चित्रपटांत तेंच केलें. तो हातानें काढलेल्या चित्रांचा चित्रपट, म्हणून मुलांचा असावा असें समजून कोणीं फसूं नये. १९४५ सालीं कोबे शहरावर अमेरिकन विमानें उंचावरून आग ओततात. आई भाजून मरते. चौदा वर्षांचा भाऊ आणि चिमुरडी बहीण उघड्यावर पडतात, आणि पुढें अन्नावांचून खंगत जातात. विमानें थोडाच वेळ दिसतात, चांदीच्या पक्ष्यांसारखीं, सुंदरहि. ताकाहाता नऊ वर्षांचा असतां ओकायामा शहरावरील अशाच हल्ल्यांतून बहिणीबरोबर पळून वांचला होता. हा विमानयुद्धाचा चित्रपट नव्हे असें कोणी म्हणेल. आमच्या मतें हा त्याचा उत्तरार्ध होय. 'ट्वेल्व्ह ओ'क्लॉक हाय' आणि हा, हे दोन पाठोपाठ पाहिल्यावांचून त्या युद्धाची वही पुरी होत नाहीं.

एकाच चित्रपटांत दोन्ही बाजू आणणें अशक्य आहे काय? पुन्हां त्या पहिल्या 'विंग्ज'कडे पाहावें. दोन मित्र, एक शत्रूच्या हद्दींत पडतो, आणि जर्मन विमान पळवून स्वपक्षाकडे परत येऊं लागतो. दुसरा मित्र, त्याच्याच मृत्यूच्या समजुतीनें सूडास पेटलेला, त्या विमानावर शत्रूची खूण पाहतो आणि तें पाडतो. खालीं उतरून पाहतो तों आपलाच सखा! शाकुंतलांत मुद्रिकेवरून ओळख पटते. येथें खूण हीच ओळख पुसून टाकते. पंखावरच्या खुणेमागें एक चेहरा असतो, हें शंभर वर्षांपूर्वीं एका मूकपटास सांगतां आलें. आणि आजचे बोलके चित्रपट त्या चेहऱ्यावर काळी कांच ओढतात.

आतां आपल्या घरचें. हिंदी चित्रसृष्टींत या विषयावरचे चित्रपट थोडे, आणि त्यांतील बरेच घोषणांच्या आवाजांत एंजिनांचाहि आवाज बुडवून टाकणारे. अपवाद म्हणून गोविंद निहलानी यांचा १९८२ सालचा 'विजेता' आम्ही सांगूं. त्याची पटकथा आपले मराठी कवि दिलीप चित्रे यांची, ही आपणां मराठी वाचकांस अभिमानाची गोष्ट. आईबापांच्या बेबनावांत वाढलेला, काय करावें तें न सुचणारा एक मुलगा वायुसेनेंत जातो. चित्रपटाचा बहुतेक भाग त्याच्या शिकण्याचा आहे. १९७१ चें युद्ध येतें तें उशिरां. मिग विमानांचीं खरीं दृश्यें त्यांत आहेतच. पण मुख्य उड्डाण मुलपणांतून पुरुषपणाकडे.

आणि गणतीच्या संबंधांत तर आपल्याच इतिहासांतील एक गोष्ट सर्व चित्रपटांहून हृदयद्रावक आहे. १९६५ च्या युद्धांत, सप्टेंबरच्या ७ तारखेस, आपलीं मिस्टेअर विमानें पाकिस्तानांतील सरगोध्याच्या तळावर गेलीं. स्क्वाड्रन लीडर अज्जमाड बोप्पय्या देवय्या हे राखीव म्हणून नेमलेले. तेहि गेले, आणि परत आले नाहींत. हिशेबांत एक उणा पडला. कसा, तें कोणास ठाऊक नव्हतें. पुढें १९७९ सालीं एका ब्रिटिश लेखकाच्या पुस्तकावरून उलगडा होऊं लागला कीं, त्या जुन्या, मंद विमानांतून त्यांनीं आपल्याहून कितीतरी वेगवान अशा स्टारफायटर विमानाशीं झुंज दिली, तें पाडलें, आणि त्यांतच आपला अंत पावले. १९८८ सालीं, म्हणजे २३ वर्षांनीं, त्यांस मरणोत्तर महावीरचक्र देण्यांत आलें. या कथेवर नांवें बदलून 'स्काय फोर्स' हा चित्रपट २०२५ सालीं निघाला. त्याच्या गाजावाजाविषयीं आमची तक्रार आहे. पण हरवलेल्या एका माणसाचा शोध त्याचा वरिष्ठ वर्षानुवर्षें सोडीत नाहीं, हा जो त्याचा कणा, तो अस्सल आहे. शत्रूनें त्या शौर्याची नोंद ठेविली म्हणून आपणांस आपला वीर सांपडला, हाहि विचार करण्याजोगा भाग.

तात्पर्य, नातवास आमचें उत्तर असें. चांगला विमानयुद्धपट तो, ज्यांत उडणें खरें असतें, न परतणाऱ्याची खुर्ची रिकामी दिसते, आणि बाँब कोणाच्या तरी घरावर पडतो. तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच सांपडतात. दोन सांपडल्या तरी चित्रपट थोर. केवळ पहिलीच असेल तर ती उत्तम करमणूक; तिचा आनंद अवश्य घ्यावा, पण तिला युद्ध म्हणूं नये.

हा हिशेब आम्हीं नवा काढलेला नाहीं. भारतीय युद्ध संपल्यावर व्यासांनीं लगेच राज्याभिषेकाचा सोहळा लिहिला नाहीं, स्त्रीपर्व लिहिलें. तेथें आंधळा धृतराष्ट्र युधिष्ठिरास मृतांची संख्या विचारतो, आणि जेत्यास ती सांगावी लागते. तेथेंच शंभर पुत्र गमावलेली गांधारी रणांगण न्याहाळते, आणि आपल्या मुलांबरोबर शत्रूपक्षाच्या अभिमन्यूसाठीं व त्याच्या शवाशीं बसलेल्या उत्तरेसाठींहि शोक करिते. हिशेब पुरा असणें म्हणजे हें.

सुटी संपण्याच्या आदल्या रात्रीं नातवानें स्वतः होऊन 'ट्वेल्व्ह ओ'क्लॉक हाय' लाविला. चित्रपट जुना, बिनरंगाचा. तो मध्येंच उठून जाईल अशी आमची अटकळ होती. जनरल सॅव्हेज खुर्चीवर पाषाणवत् बसला होता आणि दूरवर एंजिनांचा आवाज येऊं लागला, तेव्हां कोणी तरी हलक्या आवाजांत मोजूं लागलें. आम्हीं वळून पाहिलें. तो आवाज त्याच्या आजीचा नव्हता. तिच्या वाती तशाच मांडीवर पडल्या होत्या.